निष्कर्ष आधी, मोजमाप नंतर

पॉल ब्रोका हे एकोणिसाव्या शतकातले थोर फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ. मेंदूच्या ज्या भागावर बोलण्याची क्रिया अवलंबून असते, त्या भागाला आजही त्यांचेच नाव आहे. मोजमापाच्या बाबतीत ते कमालीचे काटेकोर होते आणि हलगर्जीपणे मापे घेणाऱ्यांना ते चांगलेच फैलावर घेत. १८६२ मध्ये त्यांच्यापुढे एक पेच उभा राहिला. दंडाच्या हाडाच्या मानाने कोपरापासून मनगटापर्यंतचे हाड जितके लांब, तितका तो मानवसमूह वानराच्या जवळचा, असा एक निकष तेव्हा मानला जात होता. आफ्रिकी माणसांचे हे प्रमाण युरोपीयांपेक्षा जास्त भरत होते, तोवर सगळे सुरळीत चालले. पण एस्किमो, ऑस्ट्रेलियाचे मूळनिवासी आणि दक्षिण आफ्रिकेतले खोईखोई यांची मापे हाती आली, तेव्हा ती युरोपीयांपेक्षाही कमी निघाली. निकष खरा मानायचा, तर हे सगळे समूह युरोपीयांच्या वरच्या पायरीवर जाऊन बसत होते. ब्रोकांनी पायऱ्यांची उतरंड तशीच ठेवली आणि निकष सोडून दिला. पुढे मोठ्या मेंदूचे काही आशियाई समूह आढळले, तेव्हाही त्यांनी अशीच तोड काढली: मोठ्या मेंदूमुळे श्रेष्ठत्व सिद्ध होत नसले, तरी लहान मेंदूमुळे कनिष्ठत्व मात्र सिद्ध होते.

संशोधनाचा वेष घेतलेल्या वंशवादाबद्दल बोलताना बनावट आकडे, लपवलेली कागदपत्रे, पैसे खाऊन लिहिलेले अहवाल असे काहीतरी आपल्या डोळ्यांपुढे येते. तसे प्रकार घडले नाहीत असे नाही. पण ब्रोकांनी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. वंशवाद आकड्यांत शोधायला गेलो, तर तो बहुतेक वेळा हाती लागत नाही, असे माझे म्हणणे आहे. आकडे अपेक्षेच्या विरोधात गेल्यावर संशोधक काय करतो, गृहीतक सोडतो की फूटपट्टी बदलतो, तिथे तो उघडा पडतो. ही कसोटी लावली, की दीडशे वर्षांतली बरीच प्रकरणे एका माळेत येतात, आणि आजचीही काही प्रकरणे त्या माळेबाहेर राहत नाहीत.

सॅम्युअल मॉर्टन यांचे प्रकरण या दृष्टीने फार बोलके आहे. फिलाडेल्फियातल्या या डॉक्टरांनी जगभरातून सुमारे हजार कवट्या गोळा केल्या. कवटीच्या पोकळीत आधी मोहरी भरून, आणि मोहरीचे माप दरवेळी थोडे वेगळे येते हे लक्षात आल्यावर शिशाचे छर्रे भरून, त्यांनी मेंदूच्या आकारमानाची कोष्टके तयार केली. त्यांत गोरे वरती, अमेरिकेचे मूळ रहिवासी मधे आणि आफ्रिकी तळाशी होते. १९७८ मध्ये अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीव्हन जे गूल्ड यांनी असा आरोप केला, की मॉर्टन यांनी पूर्वग्रहापोटी, बहुधा नकळत, आकडे हवे तसे वळवले. पुढे तेहेतीस वर्षांनी मानवशास्त्रज्ञांच्या एका गटाने त्यातल्या शेकडो कवट्या पुन्हा मोजल्या आणि मॉर्टन यांची मापे बहुतांशी बरोबर असल्याचे जाहीर केले. झाले, लगेच काही मंडळींनी मॉर्टन निर्दोष सुटल्याचा डांगोरा पिटला. गूल्ड यांची चूक झाली असेल, तर ती मान्य करायला काहीच हरकत नाही. पण मापे बरोबर ठरल्याने मॉर्टन यांचे शास्त्र बरोबर ठरत नाही. कवटीचे आकारमान शरीराच्या बांध्याप्रमाणे बदलते, स्त्री-पुरुष भेदाने बदलते, हवामानाशीही त्याचा संबंध दिसतो. या सगळ्याकडे काणाडोळा करून एका समूहाच्या कवट्यांची सरासरी काढायची आणि तिला त्या समूहाच्या बुद्धीचे माप म्हणायचे, हा उद्योग छर्रे कितीही काळजीपूर्वक मोजले तरी शास्त्र होत नाही. शिवाय त्या कवट्या आल्या कुठून, हाही प्रश्न आहेच. कित्येक कवट्या थडगी उकरून आणलेल्या होत्या, काही गुलामांच्या होत्या. त्या ज्या संग्रहालयात आहेत, त्याने २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. १८५१ मध्ये मॉर्टन वारले, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील एका वैद्यकीय नियतकालिकाने, निग्रोला त्याचे कनिष्ठ स्थान दाखवून दिल्याबद्दल, त्यांना आपले उपकारकर्ते म्हटले होते. आपल्या समाजव्यवस्थेला या कोष्टकांचा उपयोग काय, हे गुलामांच्या मालकांना कुणी समजावून सांगावे लागले नाही.

सगळ्यांत सविस्तर पाहण्यासारखे उदाहरण मात्र विसाव्या शतकातले आहे, कारण त्यात लेखकाने स्वतःच पुढे आपले लिखाण मागे घेतले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सुमारे साडेसतरा लाख भरती झालेल्यांच्या बुद्धिमापन चाचण्या घेतल्या. वाचता येणाऱ्यांसाठी एक चाचणी होती, न येणाऱ्यांसाठी चित्रांची दुसरी. पहिल्या चाचणीत एक प्रश्न असा होता, की क्रिस्को हे काय आहे: औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ? क्रिस्को हे अमेरिकेतल्या एका वनस्पती तुपाचे व्यापारी नाव. चित्रांच्या चाचणीत जाळी नसलेले टेनिसचे मैदान आणि कर्णा नसलेला ग्रामोफोन दाखवून त्यात काय कमी आहे ते काढायला सांगितले होते. सिसिलीच्या किंवा पोलंडच्या खेड्यातून येऊन काही महिनेच झालेल्या, टेनिस कधी न पाहिलेल्या तरुणाची उपजत बुद्धी यातून कळते, असे चाचणी रचणाऱ्यांना मनापासून वाटत होते.

या चाचण्यांच्या आकडेवारीवर १९२३ मध्ये प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी एक पुस्तक लिहिले. उत्तर युरोपातला ‘नॉर्डिक’ वंश बुद्धीने वरचढ, दक्षिण आणि पूर्व युरोपातले लोक त्याखाली, आणि कृष्णवर्णीय सर्वांत खाली, हा त्याचा सारांश. त्या पुस्तकात एक कोष्टक आहे, ते नीट पाहिले पाहिजे. परदेशात जन्मलेल्या सैनिकांचे गुण त्यांनी अमेरिकेत किती वर्षे काढली त्यानुसार मांडले आहेत. पाच वर्षांहून कमी काळ राहिलेल्यांचे गुण सर्वांत कमी. पुढे दर पाच वर्षांच्या गटाला ते चढत जातात, आणि वीस वर्षांहून अधिक काळ राहिलेल्यांचे गुण अमेरिकेतच जन्मलेल्या गोऱ्यांच्या जवळपास पोहोचतात. कुणाही सरळ बुद्धीच्या माणसाला यातून एकच गोष्ट दिसेल: ही चाचणी भाषा आणि राहणीमान यांच्याशी झालेली ओळख मोजते. ब्रिगम यांना ही शक्यता दिसली होती. त्यांनी ती नाकारली आणि असा खुलासा केला, की वीस वर्षांपूर्वी आलेले लोक अधिक नॉर्डिक रक्ताचे होते आणि नंतरच्या प्रत्येक लाटेबरोबर येणाऱ्यांचा दर्जा घसरत गेला. चाचणी फसवी ठरवणारा पुरावाच अशा रीतीने स्थलांतरितांच्या विरोधातला पुरावा बनवला गेला.

याच आकडेवारीत आणखी एक अडचणीची गोष्ट दडलेली होती. इलिनॉय, ओहायो, न्यूयॉर्क अशा उत्तरेकडील राज्यांतल्या कृष्णवर्णीय सैनिकांचे गुण मिसिसिपी, आर्कान्सा, केंटकी या राज्यांतल्या गोऱ्या सैनिकांपेक्षा जास्त होते. चांगल्या शाळा जिथे होत्या, तिथले गुण चांगले होते, इतके साधे ते होते. यावर उत्तर देण्यात आले, की कृष्णवर्णीयांतले हुशार तेवढे उत्तरेत गेले असावेत. मानसशास्त्रज्ञ ऑटो क्लाइनबर्ग यांनी १९३०च्या दशकात हेही तपासून पाहिले. दक्षिणेतून न्यूयॉर्कला आलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे गुण तिथल्या शाळेत जितकी वर्षे जातील तितके वाढत होते आणि फक्त हुशारच तेवढे आले या म्हणण्याला आधार मिळत नव्हता.

ब्रिगम यांना एका गोष्टीचे श्रेय दिले पाहिजे. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच लिहिले, की अशा वांशिक तुलनांमधल्या सर्वांत मोठा आव आणणाऱ्या अभ्यासांपैकी एक, म्हणजे आपलाच, निराधार होता. इतका प्रामाणिकपणा विद्वानांमध्ये दुर्मीळ असतो. पण तोवर १९२४ चा स्थलांतर कायदा होऊन गेला होता. प्रत्येक देशातून किती जणांना येऊ द्यायचे, हे त्या कायद्याने १८९० च्या जनगणनेवर ठरवले, कारण त्या वर्षी दक्षिण आणि पूर्व युरोपातून आलेल्यांची संख्या कमी होती. या कायद्यामागे मजुरांच्या स्पर्धेची भीती होती, यहुदी आणि कॅथलिक लोकांबद्दलचा आकस होता. केवळ बुद्धिमापनामुळे तो झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र संसदीय समितीपुढे सुप्रजननशास्त्राचा, म्हणजे निवडक माणसांचीच संतती वाढवावी असे मानणाऱ्या विद्येचा, तज्ज्ञ म्हणून हॅरी लॉफलिन हे आकड्यांचे भारे घेऊन उभे होते, आणि आकसाला शास्त्राची सनद मिळाल्यावर तो उजळ माथ्याने बोलता येतो. ब्रिगम यांनी सात वर्षांत माघार घेतली. राष्ट्रनिहाय कोट्याची ती पद्धत १९६५ पर्यंत चालू राहिली. मधल्या काळात जर्मनीतून पळू पाहणाऱ्या किती यहुद्यांना त्या कोट्याने अडवले, ते सर्वज्ञात आहे.

कारण आणि परिणाम यांची अदलाबदल हे या परंपरेचे दुसरे जुने हत्यार. १८९६ मध्ये फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीतल्या संख्याशास्त्रज्ञाने अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या वाढत्या मृत्युदराचे मोठे संकलन प्रसिद्ध केले आणि हा वंशच क्षीण असल्याने कालांतराने नामशेष होईल, असे भाकीत केले. असा ग्राहक विमा कंपनीला नकोच होता. भाकिताचा हिशेबी उपयोग उघड होता. कृष्णवर्णीय अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी दुसऱ्याच वर्षी त्याचा समाचार घेतला. युरोपातल्या कितीतरी शहरांत गोऱ्या लोकसंख्येचा मृत्युदर तेवढाच किंवा त्याहून जास्त होता, तरी त्यावरून ते लोक नामशेष होणार असे कुणी म्हणत नव्हते, हा त्यांचा मुद्दा होता. त्याच सुमारास डु बॉइस यांनी फिलाडेल्फियातली एक वस्ती घरोघर फिरून पाहिली. खोल्या, पाणी, सांडपाणी, मजुरी, भाडे यांची नोंद केली. हॉफमन यांच्याकडेही आकडे होते आणि डु बॉइस यांच्याकडेही. फरक एवढाच, की एकाने मृत्यूचे कारण आधीच रक्तात ठेवले होते आणि दुसऱ्याने ते घरात जाऊन शोधले.

हे सारे पश्चिमेत घडले आणि आपल्याकडच्या विद्वानांचा त्याच्याशी संबंध आला नाही, असे समजण्याचे कारण नाही. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत डॉक्टरेटसाठी गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. जर्मनीच्या नैऋत्य आफ्रिकेतल्या वसाहतीत, हेरेरो आणि नामा लोकांच्या संहाराला काही काळच लोटलेला असताना, फिशर यांनी मिश्र वंशाच्या कुटुंबांची पाहणी करून वांशिक संकराविरुद्धचे आपले शास्त्र उभारले होते. गोऱ्या युरोपीयांची तर्कबुद्धी अधिक विकसित असल्याने त्यांची कवटी दोन्ही बाजूंनी असमान असते, या अटकळीला आधार मिळतो का, हे इरावतीबाईंनी पाहायचे होते. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. कवटीची असमानता आणि वंश यांचा काही संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी लिहून दिला. गुरूच्या सिद्धान्ताला परदेशातून आलेल्या विद्यार्थिनीने, तेही त्या काळात, त्या संस्थेत, हा नकार दिला होता. पदवी मिळाली, गुण मात्र उत्तीर्णांतले सर्वांत कमी पडले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मला या प्रसंगात शौर्यापेक्षाही पद्धत महत्त्वाची वाटते. त्यांनी फिशर यांचीच मोजपट्टी वापरली, त्यांच्याच संग्रहातल्या कवट्या घेतल्या आणि आकडे जे म्हणाले ते लिहिले. पुढे मायदेशी त्यांनीही माणसांची शारीरिक मापे घेतली, त्या विद्येवरचा त्यांचा विश्वास उडाला नव्हता. एखादी पद्धत वापरणे आणि तिच्या मागच्या इच्छेला शरण जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हर्बर्ट रिस्ले यांनी भारतात नाकाच्या रुंदीवरून जातींची उतरंड मांडली. नाक जितके रुंद, तितके सामाजिक स्थान खाली, असा नियमच त्यांनी सांगितला. १९०१ च्या जनगणनेचे ते आयुक्त होते, त्यामुळे त्यांच्या मताला सरकारी वजन होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमाचा विचार करताना नाकांच्या मापांचीच कोष्टके घेतली आणि मानवमितीवर विसंबायचेच असेल, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, हे दाखवून दिले. प्रतिपक्षाची फूटपट्टी त्याच्याच पुढे ठेवण्याचा हा नमुना वकिलालाच सुचावा.

यानंतरचा भाग सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. अमेरिकेत कायद्याच्या आधाराने साठ हजारांहून अधिक लोकांची सक्तीने नसबंदी झाली. १९३३ च्या जर्मन कायद्याने लॉफलिन यांच्या नसबंदीच्या नमुना कायद्याकडून बरेच काही घेतले आणि सुमारे चार लाख लोकांवर शस्त्रक्रिया केल्या. १९३६ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने लॉफलिन यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्यापुढे काय झाले, ते सांगायला नको.

महायुद्धानंतर हे शास्त्र संपले, अशी आपली एक सोयीची समजूत आहे. प्रत्यक्षात त्याने कपडे बदलले. अशा वांशिक संशोधनाला पैसा पुरवण्यासाठी १९३७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या पायोनियर फंडाचे पहिले अध्यक्ष हेच लॉफलिन होते. १९६० मध्ये एडिंबरोमधून ‘मॅनकाइंड क्वार्टर्ली’ नावाचे नियतकालिक निघाले, आणि त्याच्या सल्लागारांत ओटमार फॉन फेर्शुअर, म्हणजे आउशवित्झ छळछावणीतल्या डॉक्टर योसेफ मेंगेलेचे मार्गदर्शक, होते. मोजक्या लोकांच्या अशा वर्तुळात एकमेकांचे दाखले देत राहिले, की काही वर्षांत संदर्भांची लांबलचक यादी तयार होते, आणि बाहेरच्या वाचकाला तो एक रीतसर अभ्यासविषय वाटू लागतो. इथे ढोंग आकड्यांपेक्षा मांडणीत असते: गोषवारा, कोष्टके, तळटीपा, प्राध्यापक ही पदवी. रिचर्ड लिन हे या नियतकालिकाचे आणि त्या फंडाचे पुढच्या काळातले प्रमुख. त्यांनी एका सहलेखकासह २००२ पासून जगातल्या राष्ट्रांचे सरासरी बुद्ध्यांक प्रसिद्ध केले. आफ्रिकेतल्या अनेक राष्ट्रांचे आकडे सत्तरच्या खाली, म्हणजे निम्म्याहून अधिक देशच मतिमंद ठरेल असे. इतके विचित्र उत्तर आले, तर कुणीही आधी आपले यंत्र तपासले असते. इतरांनी मुळाशी जाऊन पाहिले, तेव्हा इक्वेटोरियल गिनी या देशाचा आकडा स्पेनमधल्या एका संस्थेतल्या, बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांचा निघाला. अंगोलाचा आकडा एकोणीस माणसांवर बेतलेला होता. एरिट्रियासाठी अनाथाश्रमातली मुले घेतली होती.

या आकडेवारीवर पुढे शेकडो निबंध उभे राहिले, आणि ते लिहिणारे सगळे वंशवादी होते असे मुळीच नाही. तयार कोष्टक मिळाले, ते आपल्या संगणकात घातले, दुसऱ्या कशाशी तरी त्याचा सहसंबंध काढला, एवढाच त्यांचा अपराध. धार्मिकता आणि हिंसक गुन्हे यांवरचा असा एक निबंध २०२० मध्ये एका प्रतिष्ठित मानसशास्त्रीय नियतकालिकातून त्याच्या लेखकांनीच, ही आकडेवारी विश्वासार्ह नसल्याचे लक्षात आल्यावर, मागे घेतला. त्वचेचा रंग आणि आक्रमकता यांचा संबंध जोडणारा २०१२ चा दुसरा एक निबंध मागे घ्यायला मात्र २०२१ उजाडले. नऊ वर्षे तो ग्रंथालयांत रीतसर संशोधन म्हणून उभा होता. मे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात एका तरुणाने एका दुकानाच्या आवारात आणि आत शिरून दहा कृष्णवर्णीय माणसांना ठार मारले. त्याने मागे ठेवलेल्या दस्तऐवजात जनुकशास्त्राचे आलेख चिकटवलेले होते. त्यातल्या एका मोठ्या अभ्यासाच्या लेखकांनी, आमचे आकडे वेगवेगळ्या मानवसमूहांच्या तुलनेसाठी वापरता येणार नाहीत, असे आधीच बजावले होते. आलेख उचलणाऱ्याने ती सूचना उचलली नाही.

इथे हटकून एक आक्षेप घेतला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. समूहांत फरक असू शकतात. ते शोधायलाच बंदी घातली, तर विज्ञान उरेल का? गॅलिलिओचे नाव लगेच पुढे केले जाते. माझे उत्तर असे, की बंदी कुणी घालू नये. इतर कुठल्याही दाव्याला जितका पुरावा मागतो, तितकाच इथेही मागावा. मानवी समूहांत जनुकीय फरक आहेत, याबद्दल वाद नाही. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखवले, की माणसांमधल्या जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के एकेका समूहाच्या आतच सापडते. त्यावर असा प्रतिवाद झाला, की अनेक जनुकस्थळे एकत्र घेतली, तर एखाद्याचे पूर्वज कुठल्या भूभागातले हे बऱ्यापैकी ओळखता येते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण पूर्वजांचा भूभाग ओळखता येणे आणि त्या भूभागातल्या माणसांची बुद्धी जन्मतः अमुक इतकी असणे, यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर ओलांडणारा पुरावा अजून कुणी आणलेला नाही. शिक्षणाशी जोडलेल्या जनुकीय गुणांकांची गणिते मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर केलेली आहेत. दुसऱ्या समूहाला लावली, की त्यांची अचूकता झपाट्याने घसरते. सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराला पुष्कळजण ‘काळ्यांचा आजार’ समजतात. तो ग्रीसमध्ये आहे, अरबस्तानात आहे, भारतातल्या कित्येक आदिवासी समूहांत आहे, आणि दक्षिण आफ्रिकेच्या बऱ्याच भागात अगदी विरळ आहे. त्याचा पसारा मलेरियाच्या मागोमाग जातो, त्वचेच्या रंगाच्या मागे जात नाही. आफ्रिकेत तर जनुकीय विविधता उरलेल्या जगापेक्षा जास्त आहे. तेव्हा ‘कृष्णवर्णीय’ हा जीवशास्त्रीय गट म्हणून सगळ्यांत ढिसाळ गट ठरतो. ज्यांना खरोखर फरकांचा अभ्यास करायचा आहे, त्यांनीच या गटाचा आधी त्याग केला असता.

मला अधिक काळजी वाटते ती आडबाजूच्या नियतकालिकांपेक्षा मधल्या रस्त्यावरच्या, सदिच्छेने चालणाऱ्या विज्ञानाची. १८५१ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे डॉक्टर सॅम्युअल कार्टराइट यांनी, गुलामांचे पळून जाणे हा एक मानसिक रोग आहे असे सांगून त्याला भारदस्त ग्रीक नाव दिले. ते नाव आज थट्टेचा विषय झाले आहे. त्यांची दुसरी करामत मात्र टिकून राहिली. श्वास मोजण्याचे स्पायरोमीटर हे यंत्र वापरून त्यांनी असा दावा केला, की कृष्णवर्णीयांच्या फुप्फुसांची क्षमता गोऱ्यांपेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी कमी असते, आणि म्हणून सक्तीची मेहनत त्यांच्या रक्ताला हितकारकच आहे. मळ्यांतली धूळ, कुपोषण, कोंदट झोपड्या यांचा विचार करण्याची गरज त्यांना वाटली नाही. यादवी युद्धानंतरच्या सैनिकांच्या पाहणीने तो फरक पुन्हा नोंदवला, पाठ्यपुस्तकांनी तो उचलला, आणि शेवटी तो यंत्रांच्या आत जाऊन बसला. आजच्या पिढीतल्या डॉक्टरांनी वापरलेल्या कित्येक यंत्रांत रुग्णाचा वंश नोंदवावा लागे. कृष्णवर्णीय असल्यास अपेक्षित क्षमता दहा ते पंधरा टक्क्यांनी, आशियाई असल्यास चार ते सहा टक्क्यांनी आपोआप कमी धरली जाई. म्हणजे एकाच श्वासाला गोऱ्या माणसात आजार म्हटले जाई आणि काळ्या माणसात तो त्याच्यापुरता ठीक समजला जाई. १९९९ मध्ये बाल्टिमोरमध्ये ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसे बिघडल्याची भरपाई मागणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांना, याच आधारावर, गोऱ्या कामगारांपेक्षा जास्त बिघाड सिद्ध करायला लावण्याचा प्रयत्न एका कंपनीने केला. न्यायाधीशांनी तो फेटाळला.

मूत्रपिंडांची गोष्टही अशीच आहे. रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्यावरून मूत्रपिंडाचे काम मोजण्याच्या १९९९ च्या सूत्रात, रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला सुमारे १.२ ने गुणायचे होते. त्यांचे स्नायू अधिक असतात, असे त्याचे समर्थन केले जाई. सूत्र करणारे आकड्यांशी प्रामाणिक होते. त्यांच्या नमुन्यात तसा फरक दिसलाही होता. पण तो फरक कशामुळे, हे न तपासता ‘वंश’ हाच घटक म्हणून सूत्रात बसवला गेला. परिणाम असा, की तेवढेच क्रिएटिनिन असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णाचे मूत्रपिंड कागदावर अधिक चांगले दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत त्याचे नाव उशिरा लागे. २०२१ मध्ये वंशाचा घटक वगळलेले सूत्र स्वीकारले गेले, २०२३ पासून प्रतीक्षायादीतल्या कृष्णवर्णीय रुग्णांना त्यांचा गेलेला काळ मोजून परत देण्याची व्यवस्था झाली, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या श्वसनरोगतज्ज्ञांच्या संघटनेने फुप्फुसांसाठीही वंशनिरपेक्ष मापनाची शिफारस केली. या बदलांनाही काही डॉक्टरांचा सावध विरोध आहे, कारण उंबरठा हलला की कुणाला औषधाची मात्रा बदलते, कुणाला नोकरी नाकारली जाते. तो वाद योग्य आहे. तो आता उघडपणे, आकड्यांसह होतो आहे. तो दीडशे वर्षे झाला नव्हता, कारण कुणाला त्याची गरज भासली नव्हती.

तेव्हा संपादकांकडून आणि निबंध तपासणाऱ्यांकडून काय मागायचे, याचा विचार करताना मला शिष्टाचाराच्या नियमांपेक्षा कामाच्या नियमांची अपेक्षा आहे. निबंधात ‘वंश’ हा घटक असेल, तर तो कसा ठरवला, रुग्णाने सांगितला की कारकुनाने चेहरा पाहून लिहिला, हे नमूद केलेले असावे. राष्ट्राची किंवा समूहाची सरासरी वापरायची, तर मूळ नमुन्यात किती माणसे होती आणि ती कुठून आणली, हे लेखकाने स्वतः पाहिलेले असावे. कोष्टक दुसऱ्याचे आहे, ही सबब चालू नये. कुठला निकाल आला तर आपले गृहीतक चुकीचे मानू, हे मोजमापाच्या आधी लिहून ठेवलेले असावे, म्हणजे हाताचे हाड गैरसोयीचे ठरले म्हणून कवटीकडे वळता येणार नाही. आणि पायाभूत आकडेवारीच खोटी ठरली, तर एखादा निबंध मागे घेऊन भागणार नाही. तिच्यावर उभे राहिलेले सगळे निबंध पुन्हा तपासावे लागतील. हे काम कंटाळवाणे आहे, त्यातून नाव होत नाही, आणि मोठ्या प्रकाशनसंस्थांना ते परवडत नाही असे सांगितले जाते. वर्गणी आणि प्रकाशनशुल्क यांतून त्या जे मिळवतात, ते पाहता हे म्हणणे पटण्यासारखे नाही.